पाठमोरं मांजर

मांजराला डोळे नसते, तर त्याने ते चित्र सरळ ‘छायाचित्र’ या टॅगाखाली ढकललं असतं आणि चहाला उठला असता. मांजरं त्याच्या पडद्यावरून रोजच जात. पाठमोरी, झोपलेली, टोपी घातलेली, माणसांना मांजराचा कंटाळा येत नाही हे त्याने केव्हाच मान्य केलं होतं. पण हे मांजर पाठमोरं असून त्याला डोळे होते. गोल बूड, त्यावर गोल डोकं, बुडाच्या मधोमध शेपूट, म्हणजे बघणाऱ्याकडे चक्क पाठ. आणि त्याच पाठमोऱ्या डोक्यावर दोन डोळे आणि मिशा, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. डावा कान दुमडलेला. सगळं वाफ धरलेल्या काचेवर बोटाने काढलेलं, आणि त्या काचेचा कुणीतरी फोटो घेतलेला. त्याचा हात माऊसवर तसाच राहिला. त्याने मिशा पुन्हा मोजल्या. शेजारच्या टेबलावरून प्राध्यापक म्हणाला, ‘काय मुनीम, हिशेब चुकला का?’ तो म्हणाला, ‘नाही, चष्मा पुसतोय.’ आणि खरोखरच चष्मा काढून पुसला, कारण खोटं बोलून झाल्यावर ते लगेच खरं करून टाकायची त्याला सवय होती.

मुनीम हे अर्थात त्याचं नाव नव्हे. ती कचेरीने दिलेली पदवी होती, आणि पगारात न दिसणाऱ्या बाकीच्या पदव्यांसारखीच फुकटची होती. कचेरी एका मोठ्या चित्रसंग्रहाची. संग्रह कपाटात नव्हता, भिंतीवर नव्हता. तो इंटरनेटवर होता, जगातल्या कुणीही त्यात चित्र टाकावं आणि कुणीही ते बघावं. टाकणाऱ्याने चित्राबरोबर टॅगही द्यायचे: चित्रात काय आहे, कुणी काढलं, कशाने काढलं. यातलं शेवटचं, म्हणजे ‘कशाने’, हे खातं त्याच्याकडे. ऐकायला सोपं वाटतं. तेलरंग, जलरंग, कोळसा, पेन्सिल, शाई, की संपलं. पण माणसाच्या हातात रिकामा चौकोन दिला की त्याचा स्वभाव त्यात सांडतो, हे त्याला इथे आल्या आल्याच कळलं होतं. आळशी लोक ‘मिश्र माध्यम’ लिहीत. संगणकावर काढत नाही याचाच ज्यांना अभिमान, ते ‘हाताने काढलेले’ लिहीत, जणू बाकीचे पायाने काढतात. एकाने माध्यमाच्या जागी ‘चिकाटी’ लिहिलं होतं, एकीने ‘रविवार’. हा सगळा पसारा आवरायचा, सारख्याला सारखं जोडायचं, फुटकळ असेल ते मोठ्यात मिसळून टाकायचं, हे त्याचं काम. दोन टॅग एक करण्याला कचेरीत ‘लग्न लावणं’ म्हणत. एकाचं नाव राहायचं, दुसऱ्याचं कायमचं जायचं, आणि त्याच्याखालची सगळी चित्रं मुकाट्याने नव्या नावाखाली नांदायला जायची. मोडायची सोय यंत्रात नव्हती. ‘काजळी’ एकदा ‘कोळसा’मध्ये गेली की कुठलं चित्र काजळीचं होतं, हे पुन्हा कुणाला सांगता यायचं नाही. प्राध्यापकाला याचं फार दुःख व्हायचं. तो पूर्वी कुठल्याशा कॉलेजात कलेचा इतिहास शिकवत असे, आणि प्रत्येक टॅग हा आपला परीक्षेत नापास होऊ घातलेला विद्यार्थी आहे अशा कळवळ्याने तो भांडायचा. मुनिमाला कळवळा नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की ज्याच्या घरात चार चित्रं नाहीत त्याने वेगळी चूल मांडू नये. आकडे बघूनच तो लग्नं लावायचा. चित्रं उघडून बघत बसला तर एकही लग्न होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

‘काचेवरची वाफ’ या टॅगाच्या घरात एकच चित्र होतं. तो टॅग ‘छायाचित्र’मध्ये विलीन करावा हा प्रस्ताव त्यानेच मांडला होता, आणि तोही नेहमीसारखाच, चित्र न उघडता. दुपारच्या बैठकीत तो मंजूर व्हायचा होता. फक्त सकाळी येता येता विभागाच्या बाई म्हणाल्या होत्या, ‘मुनीम, प्राध्यापक त्या वाफेवरून जीव काढणार आहेत आज. निदान एकदा बघून ठेवा हो काय आहे ते, म्हणजे उत्तर देता येईल.’ म्हणून त्याने उघडलं होतं.

ते मांजर ताईचं होतं. ‘ताईच्या मांजरासारखं’ असं मनाशी म्हणून त्याने थोडा वेळ काढला, पण त्या ‘सारखं’मध्ये काही दम नव्हता. असलं मांजर दुसरं कुणी काढणार नाही, कारण असलं मांजर काढायला एक खोली लागते, तिसऱ्या मजल्यावरची, जिच्या एकुलत्या एका खिडकीतून रस्त्याचं वळण दिसतं, आणि एक आई लागते, जी धुलाईघरात दिवसभर इस्त्र्या करून अंधार पडता पडता त्या वळणावरून घरी येते. वडील नव्हते, आणि का नव्हते ते विचारायचं नव्हतं. थंडीच्या दिवसांत दोघं खिडकीला नाक लावून बसत. काचेवर वाफ धरायची. ताई बोटाने मांजर काढायची, पाठमोरं, कारण मांजर बाहेर बघतंय, आईची वाट बघतंय. पाठमोऱ्या मांजराला तोंड नसतं. आई वळणावर दिसली की ताई पटकन त्याला डोळे आणि मिशा काढायची. म्हणजे मांजर वळलं, म्हणजे आलं कुणीतरी, आता जिन्यात पावलं ऐकायची आणि दाराकडे पळायचं. मिशा एका बाजूला दोनच, कारण तिसरी काढेपर्यंत तिला धीर निघत नसे. मांजर काढायला त्याला परवानगी होती. डोळे फक्त ताईने काढायचे. एकदा ती मोरीत असताना त्याने उगाच डोळे काढून ठेवले होते. आई दिसली नव्हती, पण डोळे काढले की दिसेल असं त्याला वाटलं. त्या दिवशी आई फार उशिरा आली, हाताला पट्टी बांधून. इस्त्रीने मनगट भाजलं होतं. ताई त्याला ओरडली नाही. नुसतं म्हणाली, ‘ठोंब्या, न बघता डोळे काढायचे नसतात.’ आणि ते इतकं हळू म्हणाली, की तेव्हापासून त्याने कुठल्याच काचेला बोट लावलं नाही. बायको आजही हसते, की हा माणूस गाडीची काचसुद्धा रुमालाने पुसतो.

फोटोखाली तारीख होती. ती मागच्या थंडीतली. ताई गेली त्याच्या आदल्या थंडीत. त्याने दोन्ही आकडे मनात एकाखाली एक मांडले आणि वजाबाकी केली, आणि उत्तर आलं ते कुठल्याच रकान्यात बसेना. खोलीत हीटर चालू होता, तरी मानेवर कुणीतरी उघड्या तोंडाने श्वास सोडावा तसं काहीतरी गरम आणि ओलसर त्याला जाणवलं. मागे वळून बघितलं तर मागे भिंतच होती. तो नेहमी भिंतीकडे पाठ आणि दाराकडे कूस करून बसायचा; आल्यागेल्याशी बोलावं लागत नाही, आणि पडदाही कुणाला दिसत नाही. चित्र टाकणाऱ्याला निरोप पाठवायची सोय होती. त्याने लिहिलं: ‘आपण संग्रहास दिलेल्या चित्राबाबत माध्यम-विभागास काही माहिती हवी आहे. सदर चित्र आपण स्वतः काढले आहे काय?’

उत्तर लगेच आलं. हल्लीच्या मुलांना वाट बघायला लावता येत नाही, आणि बघताही येत नाही.

‘नाही काका, मी फक्त फोटो काढला.’

‘मी काका आहे हे आपणास कसे समजले?’

‘सदर वरून.’

ती चित्रकलेची विद्यार्थिनी होती. आजोबांना इस्पितळात ठेवलं होतं, त्यांच्याजवळ दुपारची बसायची. ‘कंटाळा आला म्हणून काचेवर हाः केलं,’ तिने लिहिलं, ‘मला माझं काहीतरी काढायचं होतं. तर हे आधीच आलं वर. खरं सांगते, टरकले मी. आजोबांना दाखवलं तर ते म्हणाले हे तूच काढलंस. मग फोटो घेतला.’ त्याने विचारलं, आधी काढलेलं असं नंतर कसं येईल. तिने लिहिलं, ‘बोटाचा तेलकटपणा राहतो ना काचेवर. पुसलं नाही तर राहतो खूप दिवस. श्वास पडला की तेवढ्या रेघांवर वाफ नीट धरत नाही, म्हणून चित्र दिसतं. खिडक्या बाहेरून धुतात तिथे. आतून कोण पुसतंय.’ मग इस्पितळाचं नाव, मजला. मग लगेच, ‘काका, माध्यम काय लिहिणार? बोट माझं नाही, पण श्वास माझा आहे. निम्मं निम्मं टाका.’ आणि खाली हसणारा एक गोल चेहरा, ज्याला मिशा नव्हत्या.

तो उठला आणि पाणी प्यायला गेला. वाटेत लिफ्टचा आरसा होता, जिन्यातली तावदानं होती, बाईंच्या केबिनची काच होती. आजवर या सगळ्या काचा रिकाम्या आहेत असं तो धरून चालला होता. त्याने श्वास नाकाने आणि खाली मान घालून घ्यायला सुरुवात केली, जसं माणूस झोपलेल्या मुलाजवळून जाताना घेतो. प्रत्येक काचेवर कुणी ना कुणी कधी तरी काहीतरी काढून ठेवलेलं आहे आणि फक्त कुणी श्वास सोडायची खोटी आहे, हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर बाहेर काढायला दार सापडेना. पाण्याचा पेलाही त्याने तोंडापासून जरा लांब धरला.

इस्पितळाचं नाव वाचून त्याला धक्का बसला नव्हता. तेच असणार होतं. ताईचं शेवटचं दुखणं तिथेच झालं. तेव्हा भावोजींचा फोन आला होता. भावोजी आयुष्यभर लोकांना मोटार चालवायला शिकवत आले. बोलतानाही त्यांचा पाय ब्रेकवर असल्यासारखे बोलायचे. म्हणाले, ‘हे बघ, ती आता ओळखत नाही कुणाला. खाटेवरून उठणं नाही. येऊन काय बघणार तू? चांगली होती तेव्हाची आठवण राहू दे.’ त्यावर तो ‘बरं’ म्हणाला होता, आणि फोन ठेवल्यावर त्याला वाईट वाटण्याआधी हलकं वाटलं होतं, हे त्याने आपल्या हिशेबात नोंदवून ठेवलं होतं. तो स्वतःला सूट देणारा माणूस नव्हता. तरी एका दुपारी तो गेला. बायकोलाही सांगितलं नाही. ताईचे पाय नेहमी गार असायचे म्हणून लोकरीचे मोजे घेतले, करड्या रंगाचे, आणि इस्पितळासमोरच्या बसथांब्यावर उतरला. रस्ता ओलांडला की फाटक. त्याने रस्ता ओलांडला नाही. समोर सगळ्या मजल्यांवर एकसारख्या खिडक्या होत्या, थंडीने पांढऱ्या झालेल्या, आणि तो त्या बघत राहिला. बसथांब्याला पिवळं छप्पर होतं, शेजारी एक टपालपेटी होती, तिच्यावर कुणीतरी एक हातमोजा विसरून गेलं होतं. त्याने स्वतःशी मांडून बघितलं: ती ओळखत नाही. म्हणजे मी गेलो काय नि न गेलो काय, तिच्या बाजूला शून्य. माझ्या बाजूला मात्र ते तोंड जन्मभर राहणार. उलटसुलट करून बघितलं तरी उत्तर तेच येत होतं. बस आली तसा तो चढला. मोजे वाया जाऊ नयेत म्हणून पुढे बायकोला दिले. त्या दुपारचं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती जवळजवळ झालीच नव्हती. दोन्ही बाजू शून्य, खातं बंद.

तो परत जागेवर येऊन बसला आणि चित्र मोठं करून बघायला लागला. वाफेवर बोट फिरतं तिथे काच स्वच्छ होते आणि तेवढ्यातून पलीकडचं दिसतं; हे काही शोध लावल्यासारखं नाही, कुठल्याही पोराला माहीत असतं. शेपटीतून करडा रस्ता दिसत होता. दुमडलेल्या कानातून झाडाची फांदी. उजव्या डोळ्यात काही नव्हतं, आकाशाचा तुकडा. डाव्या डोळ्यात पिवळं छप्पर होतं आणि त्याला लागून लाल ठिपका, टपालपेटीचा. तो आणखी मोठं करत गेला. छप्पर चौकोनी ठोकळ्यांत फुटलं, पिवळे, तपकिरी, मग नुसतेच रंगाचे चौकोन, आणि त्यात माणूस कुठे उभा राहील ते तो शोधत राहिला. फोटोतल्या दुपारी तिथे कुणीच नव्हतं. पण डोळा फोटोतल्या दुपारी काढलेला नव्हता.

न बघता डोळे काढायचे नसतात.

‘चहा गार झाला तुमचा,’ प्राध्यापक म्हणाला. ‘आज काय, वाफेचा अभ्यास का? तयारी करून या, मी सोडणार नाही.’ त्याने मान हलवली आणि फोन घेऊन जिन्यात गेला. तावदानाकडे पाठ करून उभा राहिला. भावोजींनी फोन उचलायला वेळ लावला.

‘अरे, तू? बरा आहेस ना?’

‘बरा आहे. भावोजी, ताईची खोली कुठल्या बाजूला होती?’

‘कुठली खोली?’

‘इस्पितळातली.’

‘रस्त्याकडची. का रे?’

‘ती उठत होती का?’

पलीकडे भांड्यात चमचा फिरल्याचा आवाज येत होता. एकटे राहायला लागल्यापासून ते स्वतःच काहीबाही करून खायचे. ‘हे बघ,’ ते म्हणाले, ‘आता लपवून काय करायचंय. ओळखत होती ती. शेवटपर्यंत ओळखत होती सगळ्यांना. मला शिव्या घालण्याइतकी शुद्धीत होती. केस गेले होते, तोंड सुजलं होतं. म्हणाली, ठोंब्याला असं बघू देऊ नका मला, सांगा त्याला की ओळखत नाही. मी म्हटलं, असं खोटं मी नाही बोलणार. तर म्हणाली, मग खरं बोलून त्याला रडवा. म्हणून बोललो. तू ऐकशील असं मात्र तिला वाटलं नव्हतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तुझं लहानपणापासूनचं. नको म्हटलं की हटकून करणार. मलाही तेच वाटलं. रोज दुपारी खुर्चीत बसवून द्यायला लावायची खिडकीशी. डॉक्टर नको म्हणायचे. काचेवर बोटाने गिरगटत बसायची आणि बाहेर बघायची. मी विचारलं, कोण यायचंय? म्हणे कुणी नाही, मी आपली रहदारी बघतेय, तुमचे विद्यार्थी कशी चालवतात ते.’ भावोजी हसले. ‘एकदा एकदम म्हणाली, मांजर वळलं. मी म्हटलं, कुठे मांजर? इस्पितळात मांजर म्हणजे कमाल झाली. मी तिथल्या माणसाला बोलावून खाटेखाली बघायला लावलं, मोरीत बघायला लावलं. ती नुसती हसत होती. मला वाटलं औषधाची गुंगी असेल.’

‘मग?’

‘मग काय. म्हणाली, खुर्ची दाराकडे फिरवा. डोक्याला रुमाल बांधून मागितला, तो मी बांधला. दाराकडे तोंड करून बसली. मला म्हणाली, तुम्ही जरा बाहेर फिरून या, गर्दी नको. मी आपला व्हरांड्यात उभा राहिलो. कुणी आलं नाही. संध्याकाळचं जेवण आलं, तसं म्हणाली, न्या खाटेवर.’ चमचा पुन्हा फिरला. ‘त्यानंतर नाही बसली ती खुर्चीत. तुला हे सगळं आज कशाला हवंय रे? कुणी काही बोललं का?’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘कामात एक आलं होतं, म्हणून.’ आणि फोन ठेवताना त्याच्या लक्षात आलं, की भावोजींना आजही ठाऊक नाही. मांजर का वळलं हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक गेलं ते सगळं ठाऊक असूनच गेलं. इतके दिवस त्याने तिच्या बाजूला शून्य धरलं होतं. त्या शून्यावर त्याची झोप उभी होती, त्याचं जेवण, त्याचं हसणं, लग्नं लावणं. तिने त्याला पिवळ्या छपराखाली बघितलं होतं. हातातल्या पुडक्यासकट बघितलं असेल. डोळे काढले, तीन मिशा आणि दोन मिशा, धीर निघाला नसेल. आणि मग ती जिन्यातली पावलं ऐकत बसली. किती माणसं जिना चढली असतील त्या दुपारी इस्पितळात. प्रत्येक पाऊल तिने त्याचं म्हणून ऐकलं असेल आणि दारावरून पुढे जाऊ दिलं असेल. बसमध्ये बसून तो तेव्हा काय करत होता, हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. खिडकीची जागा मिळाली होती. बरं वाटलं होतं.

बैठकीत बाई घाईत होत्या. त्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि एका बाजूने बोलत होत्या. ‘मुनीम, तुमचा प्रस्ताव. वाचा आणि संपवा.’ प्राध्यापकाने समोर चार पानांचं टिपण ठेवलं होतं, खाली-वर रेघा मारलेलं.

‘मागे घेतो,’ तो म्हणाला.

‘काय मागे घेता?’

‘प्रस्ताव. शिल्पाचा फोटो आपण शिल्पात ठेवतो. भिंतीवरच्या चित्राचा फोटो भित्तिचित्रात ठेवतो. मग हे छायाचित्र कसं? हात लागला तो काचेला. टॅग वेगळा राहू दे.’

प्राध्यापकाचं तोंड पडलं. माणसाने रात्र खर्चून पानं लिहावीत आणि समोरच्याने आधीच हात वर करावेत, यासारखा अपमान नाही. ‘हेच मी म्हणणार होतो,’ तो म्हणाला. ‘पण तुम्ही का म्हणताय?’

‘एकच चित्र आहे हो त्यात,’ बाई म्हणाल्या. ‘चार चित्रांचा नियम तुमचाच ना?’

‘माझाच.’

‘मग?’

‘एक आहे. राहू दे एक.’

बाईंनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, गाल दाबून धरला, आणि ‘बरं’ म्हणाल्या. ‘मग नोंद पुरी करा त्याची आजच. अर्धवट नको.’ तो बैठकीतच लॅपटॉप ओढून भरायला लागला. माध्यम: काचेवरची वाफ. त्यापुढे त्याने आणखी दोन शब्द घातले, बोट, श्वास. दोन्ही वेगळ्या माणसांचे, असं खाली टिपेत लिहिलं, कारण ती मुलगी म्हणाली ते बरोबरच होतं. काढल्याची तारीख हा रकाना रिकामा होता. त्यात त्याने ती दुपार लिहिली. तारीख लिहिली की यंत्र आधार मागतं: पुस्तक, संग्रहालय, मालक, साक्षीदार. त्याने शेवटचा निवडला.

बाई वाकून बघत होत्या. ‘साक्षीदार कोण?’

‘मी.’

‘तुम्ही? काढताना बघितलंत?’

‘समोर उभा होतो. खाली, रस्त्यावर.’

‘आणि चित्रकार अज्ञात? बघितलंत म्हणता, मग नाव नको का?’

‘त्यांनी सांगू नका म्हटलंय,’ तो म्हणाला. प्राध्यापक खो खो हसला. मुनीम विनोद करतो हे त्याला नवीन होतं, आणि चार पानांचं दुःख तो तेवढ्यापुरता विसरला. बाई पर्स उचलून निघून गेल्या.

तो जागेवर आला तेव्हा दुपार अजून बरीच बाकी होती. बाहेर उजेड पांढरट होता आणि खिडकीच्या खालच्या कडेला वाफ धरायला लागली होती. त्याने तिकडे बघितलं नाही. पडदा बंद केला. मग उठून खुर्ची ओढली, चाकं जुनी होती, फरशीवर करकरली, आणि ती फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली. टेबल आता बाजूला राहिलं, काम बाजूला राहिलं. तो बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना म्हणून मांडीवर ठेवले. दार उघडंच होतं. त्यातून जिन्याच्या वरच्या पायऱ्या दिसत होत्या आणि कठड्याचा तुकडा. खालून पावलं वर आली, एक मजला, दोन मजले; तो सरळ होऊन बसला; पावलं दारावरून पुढे गेली. पुन्हा कुणीतरी चढायला लागलं, जरा जड, हातात काहीतरी असल्यासारखं. तेही गेलं. त्याला तहान लागली होती, पण उठलं तर नेमकं तेव्हाच, असं वाटून तो उठला नाही. दिवे लागले. मागे प्राध्यापक आवराआवर करत होता, त्याने डबा पिशवीत टाकला, मफलर गुंडाळला, आणि जाता जाता त्याच्या खुर्चीशी थांबला.

‘काय मुनीम, घरी नाही जायचं? कुणी यायचंय का?’

‘आलाय,’ तो दारावरची नजर न काढता म्हणाला. ‘खाली उभा आहे. वर येतो का बघतोय.’